मुलुंडचा गोफ

घाटकोपर, अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड या चार ठिकाणी मंडप घालण्यात माझी चाळीस वर्षं गेली. कुठल्या मैदानात दोन फूट खणलं की पाणी लागतं आणि कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कसं गुंडाळायचं, हे मला पाठ आहे. त्यामुळे या वर्षी फेब्रुवारी ते मे या काळात मी याच उपनगरांत केलेल्या तीन फेऱ्यांना प्रवास म्हटलं तर कोणी हसेल. हसू दे. मी जिथे गेलो तिथे तुमच्यापैकी फार कोणी गेलेलं नसणार, म्हणून लिहितो आहे.

निमित्त माझी मुलगी सायली. ती अंधेरीला नोकरी करते आणि गेली दोन वर्षं एका मंडळात जाते. या लोकांना, म्हणजे निसर्गाला देव मानणाऱ्यांना, विक्कन किंवा पेगन म्हणतात, असं तिने सांगितलं तेव्हा मी आधी विचारलं होतं की वर्गणी किती. वर्गणी नाही म्हटल्यावर संशय वाढला. हे लोक वर्षाला चाक म्हणतात आणि त्या चाकाला आठ आरे मानतात. सर्वांत मोठा दिवस, सर्वांत लहान दिवस, दिवस-रात्र सारखी असतात ते दोन दिवस, आणि या चौघांच्या मधले चार. आठही दिवस सण. नावं विलायती, जिभेवर बसत नाहीत. मूळ चाल इंग्लंड-आयर्लंडकडची.

दुसरं निमित्त माझ्या डोक्यातलं आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी तळकोकणातला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक हे वाचतील. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा मी एका मंडपवाल्याकडे सुतळी बांधायला लागलो आणि दहा वर्षांत स्वतःचा टेंपो घेतला. पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही, या एका नियमावर मी धंदा उभा केला. पण गावात माझी ओळख धंद्यामुळे नव्हती. शिमग्यात आमच्याकडे गोफ विणतात. मांडावर, म्हणजे सणाच्या ठरलेल्या मोकळ्या जागेत, उंच वाशाला बारा दोऱ्या बांधतात, बारा पुरुष एकेक दोरी धरून ढोलाच्या ठेक्यावर एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरतात आणि वर रंगीत वेणी तयार होते. मग सगळे उलटी पावलं टाकतात आणि वेणी सुटते. पहिली दोरी आमच्या घराची. आजोबांच्या हातात होती, मग वडिलांच्या, मग माझ्या.

नऊ वर्षांपूर्वी गोफ अर्धा विणून झालेला असताना माझा चुलतभाऊ दिगू सगळ्या गावादेखत मला म्हणाला, "सावकाश चल रे, ही तुझी मुंबय नाय." मी हातातली दोरी टाकली आणि दुपारची एसटी पकडली. पुढच्या वर्षी गावाने पहिली दोरी दिगूला दिली. तेव्हापासून शिमग्याला मी गावात पाऊल ठेवलेलं नाही.

या जानेवारीत दिगूचा फोन आला. नऊ वर्षांत पहिला.

"मे म्हयन्यात देवळात बैठक आसा," तो म्हणाला. "येतलंस काय नाय ता सांग. अकरांचो गोफ जमत नाय. तुझ्यापायी दर वर्षी एकाक भायर बसवूचा लागता. तू नाय इलंस तर तुमच्या घराचा नाव काढून दुसऱ्या घराक घालतले."

"आधी माफी माग," मी म्हटलं.

"कसली?"

"तुला माहीत आहे कसली."

"माका नाय ठाव," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मला ठेवायचा होता, त्याने आधी ठेवला. हे डोक्यात घेऊन मी या तीन फेऱ्या केल्या. कुठेही धड बसलो नाही, ते वाचताना कळेलच.

अंधेरी, फेब्रुवारीची पहिली तारीख

"बाबा, तुला नारळाच्या झावळ्या मिळतील ना?" सायलीने विचारलं होतं. मला वाटलं लग्नाचं काम आहे. घाटकोपरच्या बाजारात झावळीवालीशी अर्धा तास घासाघीस केली, ती मला "शेठ, घरी जाऊन झोपा" म्हणाली, तरी मी माझ्याच भावाने घेतल्या आणि मेट्रोने अंधेरीला गेलो. सुरक्षा तपासणीच्या बाईने झावळ्यांकडे बघून विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "झावळ्यांत झावळ्या आहेत." सायलीने डोळे मिटून घेतले.

सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अकरा जण जमिनीवर गोल बसले होते. मधे पितळी तांब्यात दूध, भोवती मेणबत्त्या. मी धूप, कवट्या, काळे झगे अशी तयारी मनात करून गेलो होतो. तिथे एक फिजिओथेरपिस्ट, दोन शिक्षिका, बँकेतला एक माणूस आणि रोहन नावाचा आयटीतला तिशीचा पोरगेला गृहस्थ होता, त्याच्या कानात सतत ते फोनवर बोलायचं पांढरं बोंडूक. यांच्यातली मोठी म्हणजे नलिनीताई. मुलुंडच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेले, नजर अजून वर्गावरची.

या सणाला इमॉल्क म्हणतात. तिकडे थंडी मोडायला लागते, मेंढ्यांना दूध उतरतं, घराघरांत दिवा लावतात आणि गवताच्या काड्यांचा एक चौकोनी क्रूस विणून दाराला टांगतात. अंधेरीत ते गवत कुठून आणणार, म्हणून झावळ्या. मंडळी पाती घेऊन फोनवर व्हिडिओ बघत झटापट करत होती. मी दोन मिनिटं पाहिलं. मग राहवलं नाही. एक पातं उचललं, हीर काढला आणि जसे लहानपणी झावळीचे बैल नि भिंगऱ्या करायचो तसा तो क्रूस विणून टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या आवडल्या, खोटं कशाला सांगू.

"इथे मान कोणाचा?" मी नलिनीताईंना विचारलं. "म्हणजे पहिला दिवा कोण लावतं?"

"जो काडेपेटीजवळ असेल तो."

"असं कसं? कुठल्यातरी घराकडे असेल ना पिढ्यान्‌पिढ्या."

"अहो, हे चाक आत्ताच्या स्वरूपात गेल्या शतकातच जुळवलेलं आहे," त्या म्हणाल्या. "जुने सण निरनिराळे होते, लोकांनी ते एका चाकात बसवले. पिढ्यान्‌पिढ्या म्हणायला आमच्याकडे पिढ्याच नाहीत. आणि गोलात पहिली जागा कुठली दाखवाल?"

मला हे पटलं नाही. ज्या कार्यक्रमात मान नसतो तिथे शिस्त नसते, हे माझं मत मी तिथेच सांगितलं, जरा मोठ्याने. सायलीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो गुडघा मघापासून हलत होता, हे मला तेव्हा कळलं.

मग प्रत्येकाने मेणबत्ती लावून या वर्षी काय सुरू करायचं आहे ते सांगायचं होतं. कोणी पोहणं म्हणालं, कोणी डॉक्टरेट. माझी पाळी आली.

"मला काही सुरू करायचं नाही. एक प्रकरण संपवायचं आहे."

"संपवायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी या," नलिनीताई म्हणाल्या. "तो सण वेगळा आहे. आज फक्त सुरुवात."

सगळे हसले. खीर चांगली होती, वेलची सढळ हाताने घातलेली. पण मी वाटी उभ्यानेच संपवली आणि गॅलरीत गेलो. खाली अंधेरीची संध्याकाळ होती, गच्च हॉर्न. मला दिगूला काय काय सुनवायचं आहे ते मी पुन्हा एकदा मनात क्रमाने लावून घेतलं.

बोरिवली, दिवस-रात्र सारखी

मार्चच्या विशीत ओस्टारा येतो. दिवस आणि रात्र सारखी झाल्याचा सण. तिकडे वसंत सुरू होतो म्हणून बी पेरतात आणि अंडी रंगवतात. बँकेतल्या माणसाच्या सोसायटीची गच्ची ठरली होती. मला खरं तर कोणी बोलावलं नव्हतं, पण सायली कुंड्या आणि माती घेऊन निघाली होती, मी म्हटलं माझी गाडी आहे. ती नुसती बघत राहिली. "बाबा, तुला यायचं आहे असं म्हण ना सरळ."

"माती सांडेल तुझ्याकडून."

हायवेवर दिंडोशीच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा फोन वाजला. गावच्या ग्रुपवर शिमग्याचा व्हिडिओ आला होता. आठ दिवसांपूर्वी गोफ झाला होता. मी गाडी चालवत होतो म्हणून सायलीने फोन धरला. पुढे दिगू, पहिली दोरी हातात, पोट सुटलेलं, पण पाऊल अजून हलकं. दहा जण फिरत होते. दोन दोऱ्या बाजूच्या खांबाला गुंडाळून ठेवल्या होत्या आणि खांबाशेजारी एक म्हातारा धोतर सावरत बसून टाळ्या वाजवत होता. या वर्षी बाहेर बसायची पाळी त्याची असणार.

"त्या दोन कोणाच्या?" सायलीने विचारलं.

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मी काच खाली करून त्याला दोन शब्द ऐकवले, त्याने मला चार ऐकवले.

बोरिवलीला पोचलो तर गेटवरच तमाशा. नलिनीताई हातात अंड्यांचे दोन ट्रे घेऊन उभ्या आणि समोर सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटी शुद्ध शाकाहारी. अंडं गेटच्या आत येणार नाही.

"ही उकडून रंगवायची आहेत. खायची नाहीत," नलिनीताई सांगत होत्या.

"म्याडम, अंडं ते अंडं," सेक्रेटरी म्हणाले.

हे माझं क्षेत्र. मी पुढे झालो. त्यांना आधी पाणी विचारलं, त्यांच्याच वॉचमनकडून. मग गच्चीच्या गळतीबद्दल विचारलं, कारण प्रत्येक सेक्रेटरीला गच्चीच्या गळतीबद्दल बोलायचं असतं. दहा मिनिटांनी ठरलं की अंडी माझ्या गाडीत राहतील, गच्ची सूर्यास्तापर्यंत आमची, आणि आम्ही अंड्यांऐवजी दुसरं काहीतरी रंगवू.

"बटाटे रंगवा हवं तर," बँकेतला माणूस म्हणाला.

"बटाटा पण नको," सेक्रेटरी म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावरच्यांना चालत नाही. जमिनीखालचं."

शेवटी कोपऱ्यावरच्या गाडीवरून चिकू आणले. आकाराने अंड्यासारखा, आणि कोणाच्याही धर्मात बसतो. पण चिकूच्या सालीवर रंग धरत नाही, हे आम्हाला गच्चीवर गेल्यावर कळलं. लाल लावला की तपकिरी, पिवळा लावला की तपकिरी. दोन तास अकरा सुशिक्षित माणसं तपकिरी चिकूला तपकिरी करत बसली होती. शेवटी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "यार, कापून खाऊ या." तोपर्यंत मी तीन खाल्ले होते.

कुंड्यांत झेंडू आणि मेथी पेरली. ऊन टळटळीत होतं, पाण्याची टाकी तापली होती. मी नलिनीताईंना म्हटलं, "तुमचं घड्याळ विलायतेचं आहे. तिकडे आत्ता बर्फ वितळत असेल. आमच्याकडे आत्ता कोणी पेरत नाही. एक ऑगस्टला तुम्ही म्हणे पहिल्या पिकाची भाकरी भाजता. ऑगस्टमध्ये आमच्या शेतात लावणी उरकून नुकतं भात उभं राहिलेलं असतं. नवा तांदूळ दसऱ्याच्या सुमाराला येतो, तेव्हा आम्ही दाराला लोंब्या बांधतो."

मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी पिशवीतून एक वही काढली आणि मी सांगितलेलं लिहून घेतलं, लोंब्यांसकट. प्रत्येक सणाला मुलुंडमध्ये कुठलं झाड फुललेलं असतं, कुठला पक्षी ओरडतो, हे त्या तेरा वर्षं लिहीत आल्या होत्या.

"चाक त्यांचं असू दे," त्या म्हणाल्या. "फुलं तर आपलीच आहेत ना."

त्यांनी मग विचारलं, "तुमच्याकडे अजून काय काय असतं?" आणि मी, कुणास ठाऊक का, गोफाचं सांगितलं. कसा बांधतात, कसा विणतात, कसा सोडवतात. दिगूचं नाव काढलं नाही. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मग मे महिन्यात तुम्हीच आम्हाला हवे आहात. आमचा खांब दर वर्षी फसतो."

मुलुंड, मेची पहिली तारीख

बेल्टेन म्हणजे तिकडचा उन्हाळ्याचा पहिला दिवस. शेतात उंच खांब रोवतात, त्याच्या टोकाला लांब फिती बांधतात आणि फिती धरून लोक खांबाभोवती नाचतात. म्हणजे गोफच. फक्त विणून झाला की ते तसाच ठेवून जातात, सोडवत नाहीत.

मी हे काम आदल्या दिवसापासून माझ्या हातात घेतलं. नलिनीताईंचं घर मुलुंडला डोंगराच्या बाजूला आहे, जुनं बैठं घर, पुढे अंगण, फाटकाशी बहावा. मी चांगला सरळ बांबू निवडून टेंपोने नेला, खड्डा खणून घेतला, दगड ठोकून पक्का केला. टोकाला सायकलची रिंग बसवली म्हणजे फिती फिरतील, गुंतणार नाहीत. फितीचं कापड मी घाटकोपरला घेतलं. दुकानदार म्हणाला, "एवढ्याशा कापडासाठी एवढं भांडतात का?" मी म्हटलं, "कापडासाठी नाही, सवयीसाठी." बारा फिती, बारा रंग.

सकाळी नाक्यावर महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन चाललं होतं, लाउडस्पीकरवर तुतारी. बहावा नुसता पिवळा झाला होता, पानं दिसत नव्हती. सायलीने डोक्यात सोनचाफ्याची वेणी गोल बांधली होती. मधोमध दोन घमेल्यांत लाकडं पेटवली होती आणि त्यांच्या मधून एकेकाने चालत जायचं होतं. तिकडे गुरं अशी नेत, रोगराई जाते म्हणून. मेच्या उन्हात आगीतून जाणं म्हणजे काय ते मुलुंडमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. रोहन दोन्ही कानांत बोंडकं घालून गेला. मी म्हटलं, "देवासमोर तरी काढ." तो म्हणाला, "काका, ऑन-कॉल आहे मी आज." सुट्टीच्या दिवशी ऑन-कॉल.

मग खांब. आणि मला लगेच दिसलं की दर वर्षी कुठे फसतं. माणसं अकरा.

"बारावं कोण?" मी विचारलं.

"एक शिक्षिकाबाई घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आहेत," नलिनीताई म्हणाल्या. "अकरांनी सुरू करू. गेल्या वर्षी नऊ होतो."

"अकरांचा गोफ जमत नाही," मी म्हटलं. "जोडी लागते. निम्मे इकडून, निम्मे तिकडून. एक जण समोरच्याला आत घालतो, पुढचा बाहेर. विषम झाले की एकाला समोर माणूसच येत नाही."

"मग एकाला बाहेर बसवू."

हे वाक्य कोणाचं होतं आठवत नाही. पण त्यावर मी म्हटलं, "कोणी बाहेर बसणार नाही," आणि बारावी फीत उचलली. नऊ वर्षांनी हातात दोरी आली होती. ती फीत होती, दोरी नव्हती, अंगण मुलुंडचं होतं, ढोलाच्या जागी एक डफ होता आणि तोही फिजिओथेरपिस्टचा नवरा वाजवत होता, चुकीचा. तरी तळहाताला ओळखीचं वाटलं.

शिकवायला पाऊण तास गेला. "डावा वर. आता खाली. अगं खाली. तुमची उंची कमी आहे तर तुम्ही वाकू नका, त्याला वाकू द्या." मी ओरडत होतो, सायली हसत होती. आणि मग एकदम जमलं. सगळ्यांना ते एकाच वेळी कळलं. कोणी बोलेना, फक्त डफ आणि पावलं. वर रिंगेखाली वेणी उतरू लागली, लाल, हिरवी, निळी, एकात एक.

अर्धी वेणी झाली होती तेव्हा रोहनच्या कानात फोन वाजला. त्याने "एक मिनिट" म्हणत फीत सोडली आणि बोलत बोलत फाटकाकडे गेला.

त्याच्यासमोरची बाई रिकाम्या जागेत शिरली. तिच्यामागचा तिच्यावर आदळला. सहा फेऱ्यांत जमवलेलं सगळं एका क्षणात गाठ होऊन बसलं. सगळे जिथे होते तिथे थांबले, हात वर, फिती ताणलेल्या, आणि त्याची निळी फीत मधे लोंबत होती.

तो परत आला तेव्हा मी त्याला सोडलं नाही. "मधेच दोरी टाकून जायची लाज नाही वाटली? तुझ्या एकट्याची आहे का ती? अकरा माणसं हात वर करून उभी आहेत तुझ्यासाठी. तुझा राग, तुझा फोन, तुझं काय असेल ते, गोफ झाल्यावर कर ना. मधे सोडलास तर सगळ्यांचं अडतं, एवढं कळत नाही?"

"सॉरी काका," रोहन म्हणाला. खरोखर ओशाळला होता. "पण राग कुठे होता? क्लायंट होता."

मी माझा आवाज ऐकला होता आणि त्यातला राग हा शब्दही ऐकला होता.

सायली माझ्या समोर उभी होती, पिवळी फीत धरून. तिने हळूच विचारलं, "बाबा, त्या वर्षी तू गेल्यावर गोफाचं काय झालं?"

"आधी हा सोडवू," मी म्हटलं.

पुढे जाता येत नव्हतं. उलटं जायचं होतं, रोहनने सोडलं त्या पावलापर्यंत. मी त्याला त्याची फीत हातात दिली. "कुठे होतास तू?" त्याला आठवत होतं, हिरवीच्या आत आणि केशरीच्या बाहेर. एकेक पाऊल मागे, ज्याने आत घातलं त्याने बाहेर काढायचं. चार-पाच पावलं लागली. कठीण नव्हतं. सगळे हजर असले की कठीण नसतं. मग परत पुढे आणि वेणी खांबाच्या कमरेपर्यंत उतरली. नलिनीताईंनी टोकांना गाठ मारली. त्यांच्या चालीप्रमाणे ती तशीच राहणार, ऊनपाऊस खात, पुढच्या मे महिन्यापर्यंत.

"कापला," मी सायलीला म्हटलं. "तेव्हाचा. गावात कोणीतरी नंतर सांगितलं होतं. कोयत्याने कापला."

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. माझ्या गोष्टीत मी एसटीत बसायचो आणि गोष्ट तिथेच संपायची.

आत पानं मांडली होती. कैरीची डाळ, पन्हं, मधातल्या ओटच्या वड्या, त्या जरा टणक होत्या म्हणे. मी जेवायला बसलो नाही. खांब हलतो का बघितलं. हलत नव्हता. रिंग तपासली. टेंपोवरची ताडपत्री सोडून परत बांधली. मग टेंपोच्या सावलीत उभा राहून दिगूला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला.

"त्या वर्षी गोफ कोणी कापला?"

तिकडे त्याने कोंबडी हाकलली. "मीच. कोयतो मीच मारलंय."

"कधी?"

"दिवेलागणीक."

मी दुपारच्या एसटीने निघालो होतो. "तोपर्यंत तुम्ही सगळे काय करत होतात?"

"काय करतलव? दोऱ्यो धरून उभे होतव. ढोलवाल्याक म्हटला, वाजवू नको, पण थांब. तो रागान गेलोहा, येतलो परतून. मगे स्टँडावरसून कोण तरी इलो नि सांगल्यान, तो गाडयेत बसान गेलो. तेवा कापलो." मग तो म्हणाला, "आबांच्या हातातली दोरी होती ती. माझो हात उचलत नव्हतो."

आबा म्हणजे माझे वडील.

मी टेंपोला टेकून उभा होतो आणि चार महिने क्रमाने लावून ठेवलेलं एकही वाक्य मला सापडत नव्हतं. आतून हसण्याचा आवाज येत होता. रोहन कोणाला तरी चिकूची गोष्ट सांगत होता.

"बैठकेक येतलंस?" दिगूने विचारलं.

"येतो. दोरी कुठली?"

"पयली दोरी नाय मेळाची तुका. ती आता माझ्याकडे आसा, नि मी सोडूचंय नाय. बारावी आसा. माझ्या समोरची."

"चालेल," मी म्हटलं.

मला वाटलं फोन कट झाला.

"काय म्हटलंस?"

"चालेल म्हटलं, रे."

मग दिगू म्हणाला, "जेवलंस काय?"

नव्हतो जेवलो. आत गेलो तेव्हा सगळे उठले होते आणि सायलीने माझं पान झाकून ठेवलं होतं.